आंतरजालीय संभाषणाची मानके आणि कार्यालयीन दूरध्वनी : इतिहास व अन्वयार्थ

प्रस्तावना

यंत्रांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी लिहिला जातो. त्या यंत्रांना परस्परांशी बोलते करणाऱ्या मानकांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहतो. मानक म्हणजे निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे एकत्र काम करू शकावीत यासाठी सर्वांनी मान्य केलेली नियमावली होय. १९९६ नंतर कार्यालयीन दूरध्वनी व्यवस्थेत जे स्थित्यंतर घडले, ते एखाद्या नव्या यंत्रापेक्षा अशा नियमावलींमुळे घडले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा आढावा घेऊन, खुल्या मानकांमुळे दूरध्वनीवरील मक्तेदारी खरोखर संपुष्टात आली काय, या प्रश्नाचा विचार केला आहे. मानकांनी उत्पादकांची पकड सैल केली. परंतु त्या स्वातंत्र्याचा लाभ कोणाला, केव्हा आणि किती मिळावा हे कायद्याने व बाजारपेठेने ठरविले, असे येथे प्रतिपादन आहे. भारताचे उदाहरण या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ साली. मोठ्या कार्यालयांना प्रत्येक टेबलासाठी स्वतंत्र लाइन घेणे परवडण्यासारखे नसे. त्यामुळे बाहेरच्या मोजक्या लाइन आवारातील अनेक एक्स्टेन्शनांत वाटून देणारे खासगी केंद्र हा सर्वत्र रूढ झालेला उपाय ठरला. प्रारंभी हे काम ऑपरेटर करीत असे. पुढे ते इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे गेले आणि भारतीय कार्यालयांत ‘ईपीएबीएक्स’ हा शब्द रुळला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने लहान क्षमतेच्या केंद्रांचे देशी तंत्रज्ञान विकसित करून ते भारतीय उत्पादकांना दिले.

या व्यवस्थेत एक मर्म होते. केंद्र ज्या उत्पादकाचे, त्याचेच डिजिटल फोनसंच त्यावर पूर्ण क्षमतेने चालत. नवी सुविधा हवी असल्यास त्याच्याकडेच जावे लागे आणि देखभालीचा करारही त्याच्याशी वा त्याच्या विक्रेत्याशीच करावा लागे. म्हणजेच कार्यालयाने यंत्र विकत घेतले, तरी त्याच्या भाषेवरील अधिकार उत्पादकाकडेच राही.

ध्वनी पॅकेटांत विभागून संगणकांच्या जाळ्यातून पाठविण्याचा प्रयोग अमेरिकेतील आर्पानेटवर १९७४ साली यशस्वी झाला होता. त्यामागील पद्धतीचे वर्णन १९७७ साली आरएफसी ७४१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. तथापि सामान्य ग्राहकाच्या हाती असे साधन आले ते १९९५ मध्ये, इस्रायलमधील व्होकलटेक कंपनीच्या ‘इंटरनेट फोन’ या सॉफ्टवेअरच्या रूपाने. दोन्ही टोकांना तेच सॉफ्टवेअर असणे मात्र आवश्यक होते. मानकाची उणीव येथे प्रकर्षाने जाणवली.

दोन मानके, दोन विचारपरंपरा

ही उणीव भरून काढण्यासाठी दोन भिन्न परंपरा पुढे आल्या. पहिली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची, म्हणजेच आयटीयूची. तिने १९९६ साली एच.३२३ ही शिफारस मंजूर केली. ही शिफारस दूरध्वनी अभियंत्यांच्या विचारविश्वातून आली होती. कॉल जोडण्याचे तिचे संदेश आयएसडीएनच्या संकेतपद्धतीवर बेतलेले, द्विमान स्वरूपाचे आणि विशेष साधनांवाचून वाचता न येणारे होते.

दुसरी परंपरा आंतरजालाचे तांत्रिक नियम तयार करणाऱ्या आयईटीएफ या मंडळाची. मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग यांनी सिद्ध केलेला ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, संक्षेपाने ‘सिप’, मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४३ म्हणून प्रसिद्ध झाला. जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ ने त्याची जागा घेतली. सिपचे संदेश साध्या मजकुराच्या रूपात असतात. ‘इन्व्हाइट’ या संदेशाने निमंत्रण, ‘ओके’ने स्वीकार, ‘अ‍ॅक’ने त्या स्वीकाराची पोच आणि ‘बाय’ने निरोप, असा हा क्रम संकेतस्थळांच्या एचटीटीपी नियमांच्या वळणावर घडविलेला आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष आवाज वाहून नेण्यासाठी दोन्ही मानके आरटीपी हाच नियमसंच वापरीत. मतभेद होता तो कॉल कसा जोडावा आणि व्यवस्थेची बुद्धी कोठे असावी, याविषयी. जुन्या दूरध्वनीत ती मध्यवर्ती केंद्रात होती; सिपने ती बव्हंशी टोकाच्या उपकरणांकडे सोपविली. सिपमधील पत्ता ईमेलसारखा असून तो भिंतीतल्या तारेशी बांधलेला नसतो. फोनसंच जेथे असेल तेथून सर्व्हरकडे आपली नोंदणी करतो आणि कॉल तेथे पोहोचतो. त्यामुळे एक्स्टेन्शन ही जागा न राहता व्यक्तीची ओळख बनली. शिवाय आयईटीएफचे दस्तऐवज प्रारंभापासून विनामूल्य उपलब्ध होते, तर आयटीयूच्या शिफारशी त्या काळी सामान्यतः विकत घ्याव्या लागत. ही बाब किरकोळ वाटली, तरी लहान कंपन्यांच्या व स्वतंत्र प्रोग्रामरांच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती.

कार्यालयीन केंद्राचे रूपांतर

या सुलभतेचा परिणाम लवकरच दिसून आला. अमेरिकेतील मार्क स्पेन्सर यांना आपल्या छोट्या व्यवसायासाठी बाजारातील खासगी केंद्र परवडत नव्हते. म्हणून १९९९ साली त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर लिहिले. ‘अ‍ॅस्टरिस्क’ या नावाने ते मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध झाले आणि २००४ साली त्याची १.० ही आवृत्ती आली. साध्या संगणकावर लिनक्स व अ‍ॅस्टरिस्क बसवून, कोणत्याही उत्पादकाचे सिप फोन जोडून ईपीएबीएक्स उभारता येऊ लागला. पुढे बाहेरच्या तांब्याच्या तारांची जागाही इंटरनेट जोडणीवरील ‘सिप ट्रंक’ने घेतली.

प्रस्थापित उत्पादकांनी मानक स्वीकारले, पण हातचे राखून. साधा कॉल कोणत्याही संचावरून लागे. मात्र सचिव व अधिकारी यांच्या सामायिक लाइनसारख्या सुविधांसाठी प्रत्येकाने आपापली भर घातली. सिस्को कंपनीने तर १९९८ साली सेल्सिअस सिस्टिम्स विकत घेताना तिचा ‘स्किनी’ हा स्वतंत्र नियमसंचही घेतला व तो दीर्घकाळ वापरला. तरीही जुन्या व्यवसायाचा पाया खचत गेला. नॉर्टेलने जानेवारी २००९ मध्ये, तर अव्हायाने जानेवारी २०१७ व पुन्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेतला. या घटनांना अन्य आर्थिक कारणेही होती. परंतु यंत्राकडून सॉफ्टवेअरकडे झालेले संक्रमण हे अव्हायाच्या बाबतीत प्रमुख कारणांपैकी एक होते.

भारतीय अनुभव : मानक आणि परवाना

भारतात या मानकांची गाठ १८८५ च्या भारतीय तार अधिनियमावर उभ्या असलेल्या परवाना पद्धतीशी पडली. नव्या दूरसंचार धोरणाने १९९९ साली इंटरनेट टेलिफोनीला तूर्त परवानगी नाकारली. ३१ मार्च २००२ रोजी आंतरराष्ट्रीय कॉलसेवेतील विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली आणि १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवादात्यांना मर्यादित मुभा मिळाली. त्या मार्गदर्शक तत्त्वांत एच.३२३ व सिप यांचा नावाने उल्लेख आहे. अशा उपकरणांवरून तशाच उपकरणांशी, देशात वा परदेशात, बोलता येईल. संगणकावरून परदेशातील दूरध्वनीही लावता येईल. परंतु देशातील दूरध्वनी क्रमांकाशी जोडणी करता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. ज्या मानकाचे सामर्थ्य जुन्या व नव्या जाळ्यांना जोडण्यात होते, त्याला कायद्याने मान्यता दिली ती नेमकी ती जोडणी वगळून.

याचा परिणाम मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील कॉल सेंटरांवर झाला. खासगी जाळ्यातून आलेला कॉल सार्वजनिक जाळ्यात सोडणे म्हणजे परवानाधारक कंपनीचे व शासनाचे उत्पन्न बुडविणे, ही शासनाची भूमिका होती. कॉलच्या नोंदी तपास यंत्रणांना मिळाव्यात ही सुरक्षेची गरजही त्यामागे होती. परिणामी एकतर दोन स्वतंत्र केंद्रे ठेवावी लागत, किंवा एकाच केंद्रात दोन्ही जाळ्यांमध्ये ‘तार्किक विभाजन’ करावे लागे. तंत्रज्ञानाने पाडलेली भिंत सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा बांधावी लागली.

ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली. २०१८ साली परवानाधारक कंपन्यांच्या इंटरनेट टेलिफोनीला स्पष्ट मान्यता मिळाली. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे घरून काम करण्यासाठी सवलती द्याव्या लागल्या. ५ नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणी व बँक हमीची अट काढली, तर २३ जून २०२१ च्या सुधारणांनी देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय केंद्रांतील भेद मिटविला. सिपची नोंदणी पद्धत घर व कार्यालय असा भेद १९९९ पासूनच मानीत नव्हती. नियमांना तेथे पोहोचण्यास दोन दशके लागली.

नवी अवलंबिता

या परिवर्तनाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. जुन्या साध्या फोनला वीज तारेतूनच मिळे. नव्या संचाला जाळ्यातील स्विचमधून वा वेगळी वीज लागते. जुन्या क्रमांकावरून पत्ता कळे. फिरत्या एक्स्टेन्शनवरून तो कळत नाही. म्हणूनच अमेरिकेत २००५ साली आंतरजालीय दूरध्वनीला आपत्कालीन सेवेची सक्ती करावी लागली आणि कार्यालये व हॉटेलांतील फोनवरून कोणताही आधीचा अंक न दाबता ९११ लागावा, यासाठी २०१८ साली कायदा झाला. याखेरीज अनेक संस्थांनी स्वतःचे केंद्र सोडून क्लाउड सेवेचे मासिक भाडे पत्करले आहे. बाहेरच्या जाळ्याशी ती सेवा सिपमध्ये बोलत असली, तरी आतील व्यवस्था बहुधा पुरवठादाराच्या ताब्यात असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, खुले मानक ही स्वातंत्र्याची आवश्यक अट आहे; पुरेशी अट नव्हे. सिपने उत्पादकाची भाषिक मक्तेदारी मोडली व छोट्या संस्थांना दूरध्वनी केंद्राचे स्वामित्व मिळविण्याची संधी दिली. भारतात ती संधी परवान्याच्या मर्यादेत राहिली. आणि मर्यादा शिथिल होईपर्यंत बाजारपेठ भाड्याच्या सेवेकडे वळली होती. महाविद्यालयांसह कोणत्याही संस्थेने नवी व्यवस्था निवडताना ती सिपवर चालते काय, एवढेच विचारून थांबू नये. आपले क्रमांक, नोंदी व फोनसंच घेऊन दुसऱ्या पुरवठादाराकडे जाता येईल काय, आणि वीज गेल्यावर आपत्कालीन कॉल लागेल काय, हे दोन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. मानकाचा खरा कस या प्रश्नांच्या उत्तरांवरच लागतो.