रंगवक्र (चलचित्र संपादन)

रंगवक्र हे चलचित्रातील रंग आलेखाच्या साहाय्याने बदलण्याचे साधन आहे. आलेखाच्या आडव्या अक्षावर मूळ मूल्य व उभ्या अक्षावर बदललेले मूल्य असते. वापरकर्ता रेषेवर बिंदू ठेवून तिला बाक देतो. मधली मूल्ये संगणक काढतो. एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरमधील 'कर्व्ह्ज' फिल्टर ० ते १ या मर्यादेतील बिंदू घेतो आणि लाल, हिरव्या व निळ्या वाहिनीसाठी स्वतंत्र वक्र स्वीकारतो.

वाहिनीच्या वक्राने मात्र एखादाच रंग वेगळा काढता येत नाही. निळ्या वाहिनीचा वक्र खाली ओढल्यास आकाशाबरोबर पांढरा सदराही पिवळसर होतो, कारण पांढऱ्यातही निळा घटक असतो. अशा वेळी रंगछटेवर आधारित वक्र वापरतात. दाविंची रिझॉल्व्हमधील 'ह्यू विरुद्ध सॅच्युरेशन' हा त्यांपैकी एक. त्यात रंगचक्र आडव्या अक्षावर उलगडलेले असते. हिरव्या भागातील बिंदू खाली नेला की गवत-पाने फिकी होतात, इतर रंग तसेच राहतात.

खरी कसोटी त्वचेची असते. त्वचा गोरी असो वा सावळी, तिची छटा लाल व पिवळ्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यात येते. वीट, लाकूड आणि मातीही बहुधा तिथेच. त्यामुळे भिंतीचा रंग उतरवताना चेहरेही निस्तेज होतात आणि मास्क लावून चेहरा वगळावा लागतो.

वक्राचा उतार तीव्र असल्यास ८-बिट चित्रणात, जिथे प्रत्येक वाहिनीला जास्तीत जास्त २५६ पायऱ्या मिळतात, आकाशात पट्टे उमटतात. ४:२:० चित्रणात चार पिक्सेलांमागे रंगाची एकच नोंद असल्याने वस्तूंच्या कडाही तुटक दिसतात. म्हणून अशा कामासाठी १०-बिट चित्रण अधिक सोयीचे ठरते.