सतरा सप्टेंबरचा धडा

आपल्या शाळेत उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा एक झेंडावंदन जास्त व्हायचे. १५ ऑगस्टला घातलेला गणवेश धुऊन, इस्त्री करून महिन्याभरात १७ सप्टेंबरला पुन्हा अंगावर चढायचा. नोकरीनिमित्त पुण्यात आल्यावर कळले, की हा दिवस कसला, हे इकडे अनेकांना सांगावेच लागते. आता आपली मुले नववी-दहावीत आहेत, वर्गमित्रांपैकी काही जण स्वतः इतिहास शिकवतात. म्हणून या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला.

पाठ्यपुस्तकात हा भाग संस्थानांच्या विलीनीकरणाच्या धड्यात येतो. जुनागड, हैदराबाद, काश्मीर अशी तीन नावे एका दमात. उत्तरही ठरलेले: निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला, रझाकारांनी अत्याचार केले, पोलीस कारवाई झाली, मराठवाडा मुक्त झाला. यात चूक काहीच नाही. पण या उत्तराला आधीचे आणि नंतरचे असे काही नाही. आमच्या क्षेत्रात प्रोग्रॅममध्ये बदल केला, की काय बदलले याबरोबर का बदलले हेही लिहून ठेवतात. कारण लिहिलेले नसेल तर पुढच्या माणसाला नुसता बदल दिसतो, त्याचा अर्थ लागत नाही. इतिहासाच्या तासालाही तेच होते.

आधी ‘आधीचे’ पाहू. हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी बहुसंख्य प्रजा होती, पण राज्यकारभार उर्दूत चाले. उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतूनच. अशा वेळी मातृभाषेतली शाळा काढणे हेच मोठे काम होते. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात शिक्षक. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत त्यांनी शिकवले, पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात ते मुख्याध्यापक झाले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि महाविद्यालयातून काढून टाकले गेले. त्यातल्या अनेकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पूर्ण केले. म्हणजे फौज १३ सप्टेंबर १९४८ ला आली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, हे पाच दिवस खरे. पण त्यामागे निदान दहा वर्षांची तयारी होती, आणि तिची सुरुवात खडू-फळ्यापासून झाली होती. आपल्या गुरुजनांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे.

धड्यात दोनच बाजू दिसतात: निजाम मुसलमान, प्रजा हिंदू. प्रत्यक्षात चित्र इतके सरळ नव्हते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा आपल्या लातूरचाच वकील. आणि रझाकारांविरुद्ध लिहिणारा, संस्थानाने भारतात सामील व्हावे म्हणून लेखणी चालवणारा शोएबुल्ला खान हा उर्दू ‘इमरोज’ दैनिकाचा तरुण संपादक. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्याचा खून झाला. ही दोन नावे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिली, की वर्गातल्या कुठल्याही मुलाला आपल्या आडनावाकडे बघून मान खाली घालावी लागत नाही.

‘नंतरचे’ सांगणे अधिक अवघड. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. ते आपण घरोघरी ऐकले आहे. पोलीस कारवाईनंतर सूड उगवला गेला, आणि त्यात ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशी मुसलमान कुटुंबेही भरडली गेली. ते मात्र क्वचितच कोणी मोठ्याने बोलते. केंद्र सरकारने १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली चौकशीसाठी मंडळ पाठवले. त्यांच्या अंदाजानुसार २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावे घेतली. जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. हा अहवाल कित्येक दशके सरकारने प्रसिद्ध केला नाही.

हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सांगावे का? मला वाटते, सांगावे. आपल्या बाकांवर दोन्ही घरांतली मुले बसत होती, आजही बसतात. एका घरात एक कहाणी, दुसऱ्या घरात दुसरी, आणि शाळेत तिसरी, चार ओळींची. मग उरलेले मुलांना मोबाइलवर कोणीतरी सांगतेच, आणि ते सांगणारा शिक्षक नसतो. पूर्ण गोष्ट सांगितल्याने मुक्तिसंग्राम लहान होत नाही. उलट, नेमके कोण कोणाविरुद्ध आणि कशासाठी लढले, हे स्वच्छ दिसते.

म्हणून शेवटी एक सूचना. १९४८ मध्ये पंधरा वर्षांची असलेली माणसे आज नव्वदीच्या पुढे आहेत. आपापल्या गल्लीत, गावात असे एखादे आजी-आजोबा अजून असतील. यंदा नववीच्या मुलांनी त्यांच्याकडे जाऊन पाच प्रश्न विचारावेत: तेव्हा तुम्ही कुठे होता, शाळा चालू होती का, घर सोडावे लागले का, कोणी आसरा दिला, परत आल्यावर काय दिसले. उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरवून शाळेच्या ग्रंथालयात ठेवावीत. ध्वनिमुद्रण, टंकलेखन आणि जपणूक यांची जबाबदारी आमची तुकडी घ्यायला तयार आहे. इतिहासाच्या सरांनी आणि बाईंनी फक्त तासिका द्याव्यात, आणि त्या पुढच्या १७ सप्टेंबरच्या आत द्याव्यात. पाठ्यपुस्तक दहा वर्षांनीही बदलता येईल. ही माणसे तोवर थांबणार नाहीत.