पार्ले, आणि न उच्चारलेला प्रत्यय

बोरिवलीला परवा नातीनं फ्रेंचच्या वहीतली लाल खूण दाखवली. 'पार्ले' म्हणजे बोलणे, नियमित क्रियापद. (हसू नका, अंधेरीच्या आधीचं स्टेशन नव्हे!) मी, तू, तो, ते, चारही रूपं कानाला एकच: 'पार्ल'. लिहिताना मात्र 'तू'च्या रूपाला शेवटी एस, 'ते'च्या रूपाला ई-एन-टी. ती म्हणाली, "आजोबा, बोलायचं नाही तर लिहायचं कशाला?"

प्रश्न रास्त आहे. लॅटिनमध्ये हे प्रत्यय बोलले जात. 'अमास' म्हटलं की 'तू प्रेम करतोस'. 'तू' वेगळा सांगायला नको, आपल्या 'येतोस'सारखंच. फ्रेंच तोंडात हे प्रत्यय काही शतकांत झिजले, आणि कर्त्याचं सर्वनाम सक्तीचं होऊन बसलं. कागदावर मात्र ते टिकले. फ्रेंच अकादमीच्या १६९४च्या कोशानं तर जुन्या लेखनालाच मान दिला.

आपण उलटं केलं. माझ्या लहानपणी 'ती आली' म्हणजे मुलगी, 'तीं आलीं' म्हणजे मुलं. आमच्या तोंडी उच्चार एकच, फरक फक्त टिंबांचा. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी ती टिंबं गेली. शाळकरी पोरांचे मार्क वाचले, माझेही. पण आज नुसतं 'ती आली' वाचलं, तर एक मुलगी आली की चार मुलं, हे मागचं वाक्य पाहिल्याशिवाय कळत नाही. तरी मला विचाराल तर सौदा वाईट नव्हता. नातीला मात्र एस घोकावाच लागणार; परीक्षा सोमवारी आहे.