माउंट केनिया : पर्वत, नाव आणि राष्ट्र

आफ्रिका खंडात किलिमांजारोच्या खालोखाल उंच असलेला माउंट केनिया (५,१९९ मीटर) हा एक मृत ज्वालामुखी आहे. विषुववृत्ताच्या निकट असूनही त्याच्या माथ्यावर हिमनद्या निर्माण झाल्या. आज त्या झपाट्याने आटत आहेत. या हिमानेच एकोणिसाव्या शतकात युरोपीय भूगोलतज्ज्ञांना बुचकळ्यात टाकले होते.

३ डिसेंबर १८४९ रोजी जर्मन मिशनरी योहान लुडविग क्राफ याने किटुई परिसरातून हा पर्वत पाहिला. त्याच्या वृत्तांतावर युरोपात विश्वास बसला नाही. विषुववृत्तावर बर्फ असणे तेथील विद्वानांना अशक्यप्राय वाटत होते. १८८३ मध्ये जोसेफ थॉमसन याने प्रत्यक्ष पाहिल्यानंतर शंका मावळली. पायथ्याशी राहणारे गिकुयू, मेरू, एम्बू हे लोक पिढ्यान्‌पिढ्या ते हिम पाहत आले होते. त्यांच्या साक्षीला मात्र या वादात स्थान नव्हते.

गिकुयूंच्या दृष्टीने हा पर्वत म्हणजे किरिन्यागा, अर्थात नगाई या परमेश्वराचे पृथ्वीवरील विश्रांतिस्थान. प्रार्थनेच्या वेळी वडीलधारी मंडळी त्याच्याकडे तोंड करून उभी राहत. हा पर्वत चढण्याचा नव्हे, तर सन्मुख होण्याचा विषय होता. १८९९ मध्ये ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ हॅलफर्ड मॅकिंडर सर्वोच्च शिखरावर पोहोचला आणि त्याने शिखरांना बाटियन, नेलियन, लेनाना अशी मसाई धर्मप्रमुखांची नावे दिली. गिकुयूंच्या देवस्थानाला मसाईंची नावे, आणि तीही एका इंग्रजाने द्यावीत, हा वसाहतकालीन नामकरणाचा बोलका नमुना होय. १९२० मध्ये संपूर्ण वसाहतीलाच 'केनिया' हे पर्वताचे नाव मिळाले.

जोमो केन्याटा यांनी लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली केलेला गिकुयू समाजाचा अभ्यास १९३८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 'फेसिंग माउंट केनिया' हे त्याचे शीर्षक प्रार्थनेतील त्या सन्मुखतेचेच स्मरण देते. या शीर्षकाला राजकीय धारही आहे, कारण गिकुयूंची बरीच सुपीक जमीन तोपर्यंत गोऱ्या वसाहतकारांच्या ताब्यात गेली होती. १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर माउ माउ बंडखोरांनी याच पर्वताच्या अरण्यांचा आश्रय घेतला. ब्रिटिश हवाई दलाने त्या अरण्यांवर बॉम्बवर्षाव केला.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. त्या प्रसंगी किसोई मुन्याओ या गिर्यारोहकाने नव्या राष्ट्राचा ध्वज पर्वतावर फडकविला.