उंची शिल्लक नसते तेव्हा

२५ ऑगस्ट १९१२. इंग्लंडमध्ये सॅलिस्बरीच्या माळावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे विमान सुमारे ७०० फुटांवरून गिरक्या घेत कोसळू लागले. अशी गिरकी म्हणजे तेव्हा मरणच समजले जाई. इतर उपाय थकल्यावर पार्कनी सुकाणू गिरकीच्या विरुद्ध बाजूला पूर्ण वळवले. विमान सावरले, तेव्हा जमीन जेमतेम ५० फुटांवर होती!

त्याच वर्षी १५ डिसेंबरला ते एका प्रवाशासह हेंडनहून ऑक्सफर्डला निघाले. थोड्याच वेळात इंजिनाची शक्ती कमी पडू लागली. वेम्बलीजवळ विमान कोसळून दोघेही ठार झाले.

इंजिन बंद पडले की उंची खर्चूनच वेग टिकवावा लागतो. उड्डाणानंतर लगेच ती फारशी नसतेच. मागची धावपट्टी मात्र खुणावत असते. पण विमान ४५ अंशांत कलवून एकसारखे वळताना पंखांवर वजनाच्या सुमारे १.४१ पट भार येतो आणि विमान तोलून धरण्यासाठी लागणारा किमान वेग १९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला आधी शिकवतात ते हेच : नाक खाली करा, समोर दिसेल त्या शेतात उतरा.

हे १९ टक्के कुठून आले? मुलांना १.४१ चे वर्गमूळ काढायला सांगा.