निवडुंगांसाठीचे ऊर्जाबचतीचे हरितगृह

निवडुंगांसाठीचे ऊर्जाबचतीचे हरितगृह म्हणजे निवडुंग कुलातील वनस्पतींचे थंडी, पाऊस व दमट हवा यांपासून रक्षण करणारी आणि त्यासाठी कमीत कमी इंधन वा वीज वापरणारी, पारदर्शक आच्छादनाची वास्तू होय. ब्रिटन, जर्मनी यांसारख्या समशीतोष्ण देशांत निवडुंगांच्या संग्राहकांना हिवाळ्यात हरितगृह तापवावे लागते. तापवण्याचा हा खर्च दोन मार्गांनी कमी होतो : उष्णता रोखून धरणारी बांधणी आणि निवडुंगाच्या स्वभावाला अनुसरून केलेले संगोपन.

वनस्पतीची गरज

निवडुंग कुल (कॅक्टेसी) मूळचे अमेरिका खंडांतील आहे. निवडुंगांची त्वग्रंध्रे (पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रे) बहुतांशी रात्री उघडतात व कार्बन डाय-ऑक्साइड त्याच वेळी शोषला जातो. त्यामुळे दिवसा ऊब आणि रात्री गारवा ही स्थिती त्यांना मानवते.

हिवाळ्यात बहुतेक निवडुंग सुप्तावस्थेत जातात. या काळात पाणी बंद ठेवल्यास खोडातील पाण्याचा अंश घटतो, पेशीरस दाट होतो आणि थंडी सोसण्याची क्षमता वाढते. कोरड्या मातीतील बहुतेक जातींना सुमारे ५° से. तापमान पुरते. अँडीज पर्वतातील रेबुशियाच्या अनेक जाती कोरड्या असता हलके हिमही सोसतात. याउलट मेलोकॅक्टस व डिस्कोकॅक्टस या प्रजातींना सुमारे १५° से. ऊब लागते. ओली माती आणि थंडी एकत्र आल्यास मात्र मुळे कुजतात व झाड दगावते.

हिवाळ्यातील मंद उजेडात जास्त ऊब दिल्यास खोड फिकट व लांबट वाढते. शिवाय अनेक जातींना फुलण्यासाठी थंड व कोरड्या विश्रांतीची गरज असते. म्हणजेच तापमान कमी ठेवणे ही केवळ काटकसर नसून संगोपनाचाच भाग आहे.

उष्णताऱ्हासाचे गणित

आच्छादनातून बाहेर जाणारी उष्णता तीन गोष्टींवर अवलंबून असते : आच्छादनाचे क्षेत्रफळ, आतील व बाहेरील तापमानांतील फरक आणि आच्छादनाचा उष्णतावहन गुणांक. या तिन्हींचा गुणाकार केल्यास ऱ्हासाचा दर वॅटमध्ये मिळतो. एकेरी काचेचा गुणांक सुमारे ६, तर १६ मिमी. जाडीच्या, पोकळ थरांच्या पॉलिकार्बोनेट पत्र्याचा सुमारे २.४ वॅट प्रति चौ.मी. प्रति अंश असतो.

उदाहरणार्थ, आच्छादन ४० चौ.मी. आणि बाहेरील तापमान उणे ५° से. असल्यास, आत १०° से. राखण्यासाठी एकेरी काचेच्या हरितगृहाला सुमारे ३,६०० वॅट लागतात. तापमान ५° से. वर आणले की ही गरज २,४०० वॅटवर येते. सोबत पॉलिकार्बोनेट वापरल्यास ती ९६० वॅट, म्हणजे मूळच्या जवळजवळ चतुर्थांश होते. फटींतून होणारा ऱ्हास यात धरलेला नाही.

रचना

उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशांत हरितगृहाची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून पारदर्शक उतार दक्षिणेकडे केला जातो. उत्तरेची बाजू जाड, उष्णतारोधक भिंतीची करतात किंवा हरितगृह घराच्या दक्षिण भिंतीला टेकवून बांधतात. उत्तर चीनमधील सौर हरितगृहांत जाड उत्तर भिंत दिवसा तापते व रात्री ऊब देते. रात्री पारदर्शक बाजूवर चटया किंवा रजयांसारखी आवरणे पसरतात. जोत्याभोवती उष्णतारोधक थर घालणे, दारे-खिडक्यांच्या फटी बुजवणे आणि हिवाळ्यात आतून हवेच्या फुग्यांचा प्लॅस्टिक कागद लावणे हे कमी खर्चाचे उपाय होत.

पाण्याची पिंपे उष्णता साठवतात. २०० लिटर पाणी १० अंशांनी थंड होताना सुमारे २.३ किलोवॅट-तास उष्णता बाहेर पडते. सलग ढगाळ दिवसांत मात्र हा साठा अपुरा पडतो, म्हणून थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतोच. रॉकेल जाळल्यास जवळपास तेवढ्याच आकारमानाचे पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यामुळे धुराडे नसलेला रॉकेलचा स्टोव्ह आतील दमटपणा वाढवतो. ऊब लागणाऱ्या थोड्या जातींसाठी संपूर्ण हरितगृह न तापवता वेगळा कप्पा करतात.

वायुवीजन

पूर्ण बंदिस्त हरितगृहात बाष्प साचून थेंब झाडांवर पडतात व बुरशी वाढते. म्हणून हिवाळ्यातही कोरड्या दिवशी झडपा थोडा वेळ उघडतात आणि लहान पंख्याने हवा खेळती ठेवतात. उन्हाळ्यासाठी छताला व खाली अशा दोन्ही ठिकाणी झडपा असतात. उष्ण हवा वरून निघून जाते व खालून थंड हवा आत येते. काही झडपा मेणाच्या नळकांड्यावर चालतात : उष्णतेने मेण प्रसरण पावून दट्ट्या ढकलते आणि विजेशिवाय झडप उघडते.

उल्लेखनीय उदाहरण

लंडनजवळील क्यू येथील शाही वनस्पती उद्यानातील ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स काचगृह’ १९८७ मध्ये खुले झाले. त्यात एकाच छताखाली दहा हवामान-विभाग असून त्यांचे नियंत्रण संगणकाद्वारे होते. निवडुंगांचा शुष्क विभाग त्यांपैकी एक आहे. ऊर्जाबचतीसाठी इमारतीचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली ठेवला आहे.

भारतातील परिस्थिती

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत निवडुंगांसाठी हरितगृह तापवावे लागत नाही; येथे खरा धोका पावसाळ्यातील सततच्या ओलीचा असतो. त्यामुळे चारही बाजूंनी उघडे, पारदर्शक छताचे आणि उन्हाळ्यात सावलीची जाळी अंथरता येईल असे छप्पर पुरेसे ठरते. खालून वारा खेळेल अशा जाळीदार मांडण्या आणि पाण्याचा निचरा करणारी खडीमिश्रित माती असल्यास पंख्याचीही गरज क्वचितच भासते.