अभिसरण त्रुटी (मंडल सदृशीकरण)

अभिसरण त्रुटी ही इलेक्ट्रॉनिक मंडलाचे (सर्किटचे) संगणकावर सदृशीकरण करताना उद्भवणारी एक अडचण आहे. मंडलाची समीकरणे सोडवताना संगणक एकामागून एक अंदाज घेतो. हे अंदाज एका उत्तराच्या अधिकाधिक जवळ जाणे म्हणजे अभिसरण होय. ठरावीक फेऱ्यांत ते साधले नाही, तर सॉफ्टवेअर त्रुटीची सूचना देऊन थांबते. अशी सूचना आली म्हणजे मंडल चुकीचेच आहे असे नाही. तसेच ती नाहीशी झाली म्हणजे उत्तर बरोबरच आहे असेही नाही. त्यामुळे दोष कोणत्या क्रमाने शोधावा, याला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

आजची अनेक सदृशीकरण सॉफ्टवेअरे ‘स्पाइस’ या आज्ञावलीच्या परंपरेतील आहेत. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ती विकसित केली आणि १९७३ मध्ये ती प्रथम सादर झाली. ‘एनजीस्पाइस’ हे तिच्यापासून निर्माण झालेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे.

पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई या संस्थेतील फॉसी प्रकल्पाने ‘ईसिम’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तयार केले. त्याचे पूर्वीचे नाव ‘ऑस्कॅड’ असे होते. ईसिममध्ये मंडलाची आकृती ‘किकॅड’च्या साहाय्याने काढली जाते आणि समीकरणे एनजीस्पाइस सोडवते. त्यामुळे ईसिममध्ये दिसणारी अभिसरण त्रुटी सहसा एनजीस्पाइसकडून आलेली असते. याच संस्थेतील प्रा. महेश पाटील यांनी ‘सिक्वेल’ हे सदृशीकरण सॉफ्टवेअर विकसित केले असून, त्यात वापरकर्त्याला स्वतःचे घटक जोडता येतात.

कारणे

केवळ रोधकांच्या मंडलाची समीकरणे रेषीय असतात व ती एकाच फेरीत सुटतात. डायोड आणि ट्रान्झिस्टर यांचे वर्तन मात्र अरेषीय असते. आदर्श डायोडवरील विद्युत दाब सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढला की प्रवाह दहापट होतो. ५ व्होल्टचा स्रोत, १ किलोओहमचा रोधक आणि सिलिकॉन डायोड अशा साध्या मंडलात डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट दाब असतो. संगणकाचा अंदाज ५ व्होल्टपर्यंत गेला, तर गणिती प्रतिमानानुसार प्रवाह सुमारे सत्तर वेळा दहापट होतो. न्यूटन-रॅफसन पद्धतीत असे अंदाज भरकटू नयेत, म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक फेरीतील बदलाला मर्यादा घालते. तरीही फ्लिप-फ्लॉपसारख्या एकाहून अधिक उत्तरे असणाऱ्या मंडलात अंदाज दोन उत्तरांमध्ये हेलकावत राहू शकतो.

दोषशोधनाचा क्रम

१. मंडलाची जोडणी : ‘सिंग्युलर मॅट्रिक्स’ ही सूचना बहुधा जोडणीतील दोष दर्शवते. शून्य क्रमांकाचा भूबिंदू नसणे, एखादा बिंदू केवळ धारित्रांनाच जोडलेला असणे किंवा दोन विद्युत दाब स्रोत समांतर जोडलेले असणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. अधांतरी बिंदूपासून भूबिंदूपर्यंत १ गिगाओहमसारखा मोठा रोधक जोडल्यास एकदिश प्रवाहाला मार्ग मिळतो.

२. मूल्ये व एकके : स्पाइसमध्ये ‘एम’ हे अक्षर लहान लिपीत असो वा मोठ्या, त्याचा अर्थ ‘मिलि’ असाच होतो, ‘मेगा’साठी ‘मेग’ असे लिहावे लागते. त्यामुळे १ मेगाओहमऐवजी नकळत १ मिलिओहमचा रोधक बसतो. तसेच धारित्रापुढे ‘१एफ’ लिहिल्यास त्याचा अर्थ १ फॅरड असा न होता १ फेम्टोफॅरड असा होतो.

३. घटकांची प्रतिमाने : आदर्श स्विच आणि शून्य वेळात चढणारे स्पंद यांमुळे समीकरणांत अचानक उडी येते. काळानुसार विश्लेषण करताना ‘टाइमस्टेप टू स्मॉल’ ही सूचना अनेकदा याच कारणाने येते. स्पंदाला काही नॅनोसेकंदांचा चढ-उतार काळ देणे आणि प्रत्यक्ष घटकात असणारे रोध व धारिता प्रतिमानात घालणे, हा यावरील योग्य उपाय होय.

४. प्रारंभिक अंदाज : ‘नोडसेट’ या आज्ञेने एखाद्या बिंदूवरील संभाव्य विद्युत दाब सुचवता येतो. पहिला प्रयत्न फसल्यास एनजीस्पाइस स्वतःहून दोन मार्ग अवलंबते. एकात, मंडलात तात्पुरती वाहकता वाढवून ती टप्प्याटप्प्याने कमी केली जाते. दुसऱ्यात, स्रोत शून्यापासून पूर्ण मूल्यापर्यंत हळूहळू वाढवले जातात.

५. गणिताचे पर्याय : फेऱ्यांची मर्यादा वाढवता येते. काळानुसार विश्लेषणात समलंब पद्धतीऐवजी गिअर पद्धत निवडता येते. अचूकतेच्या मर्यादा मात्र सर्वांत शेवटी बदलाव्यात.

अचूकता आणि मर्यादा

‘रेलटोल’ या सापेक्ष मर्यादेचे मूळ मूल्य ०.००१, म्हणजे ०.१ टक्का असते. ते ०.०१ केल्यास एक टक्क्याइतका फरक चालवून घेतला जातो. वीज पुरवठ्याच्या साध्या मंडलात तो खपून जाईल. पण मायक्रोव्होल्टच्या पातळीवरील संवेदकाच्या मंडलात तेवढ्या फरकात मूळ संकेतच हरवू शकतो. जोडणीतील चूक तशीच ठेवून मर्यादा सैल केल्यास आलेख तर मिळतो, पण तो प्रत्यक्ष मंडलाचा नसतो. त्यामुळे त्रुटी दूर झाल्यानंतर एखाद्या बिंदूवरील विद्युत दाब हाताने काढून पडताळणे आणि मर्यादा पुन्हा कडक करून उत्तर बदलते का हे पाहणे आवश्यक असते.